दिसतंय मला

४ फेब्रुवारी

कंपनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज थोडं लिहीत जा. मी म्हटलं, चोवीस वर्षं लॉगबुक लिहितोय. त्या म्हणाल्या, "लॉगबुकात विमानाचं असतं. तुम्ही तुमचं लिहा." चौकशी संपेपर्यंत मला उड्डाण नाही, म्हणून लॉगबुक कपाटात गेलं आणि ही वही हातात आली. कुणाला दाखवायची नाही, एवढं एक बरं.

परवा दुपारची गोष्ट. एकशे चौसष्ट प्रवासी, स्वच्छ आकाश, वारा नाही. कंट्रोलरने आम्हाला बराच वेळ उंचावरच ठेवलं आणि मग एकदम उतरायला सांगितलं. रनवे समोर दिसतोय आणि आपण वाजवीपेक्षा बरेच वर. मी भराभर खाली यायचं बटण दाबलं. इंजिनं मंदावली, विमान खाली आलं, मी ऑटोपायलट काढला आणि विमान हातात घेतलं. हे मी शेकडो वेळा केलंय.

आमच्याकडे ऑटोथ्रॉटल नावाची यंत्रणा असते. ठरवून दिलेला वेग ती आपणहून राखते. वेग घटला की इंजिनांचा जोर वाढवते. त्या दिवशी वेग ठरवला होता एकशे अडतीस नॉट. पण त्या बटणात एक मेख आहे. ते दाबलं की ऑटोथ्रॉटल अंग काढून घेते आणि पुन्हा सांगितल्याशिवाय कामाला लागत नाही. स्क्रीनच्या वरच्या कडेला एक बारीक हिरवा शब्द बदलतो, बस. मी धरून चाललो की ती जागी आहे. ती जागी नव्हती. वेग एकशे दहावर आला तेव्हा हातातला दांडा थडथडायला लागला. विमान आता पडेल, असा तो इशारा. मी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलले. मंदावलेल्या इंजिनांना जोर धरायला सात सेकंद लागतात. तेवढ्यात आम्ही घरांच्या इतके जवळ आलो की एका गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी मला दिसल्या. एक पिवळी होती. मग वर गेलो, चक्कर मारली, दुसऱ्यांदा व्यवस्थित उतरलो.

रिपोर्टात मी लिहिलं: ऑटोथ्रॉटलने अपेक्षेप्रमाणे काम केलं नाही, आणि को-पायलटकडून वेगाबद्दल वेळेवर सूचना आली नाही. यात खोटं काही नाही. आकड्यांवर नजर ठेवणं हे को-पायलटचं कामच आहे. ही सव्वीस वर्षांची, येऊन सात महिने झालेत, अजून प्रोबेशनवर. आवाज इतका बारीक की सगळे तिला चिमणी म्हणतात. नाव मीच ठेवलं.

६ फेब्रुवारी

घरी बसलेल्या माणसाची घराला अडचण होते. सकाळी आंघोळीला जाताना बायको म्हणाली, "दूध ठेवलंय, बघशील?" मी पेपरात होतो. म्हटलं, दिसतंय मला. ती बाहेर आली तेव्हा दूध ओट्यावरून फरशीवर आलं होतं. "काय दिसत होतं तुला?" म्हणाली. मी सांगितलं की आपल्या गॅसची ज्योत कमीजास्त होते, कुणाला तरी दाखवून घे. ती फडकं घेऊन खाली बसली. तिलाही हल्ली लॅबमध्ये फार काम असतं.

दुपारी कंपनीकडून एक पत्र आलं. त्या फ्लाइटमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलंय: 'कॅप्टनसाहेबांनी कसलीही घाई न करता विमान पुन्हा वर नेलं, आमचे जीव वाचवले. अशा सावध माणसांच्या हाती आपण आहोत, याचा धीर वाटतो.' अक्षर मोत्यासारखं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते भिंग लावून तीनदा वाचलं. ब्याऐंशीचे आहेत. सगळा जन्म शिंपीकामात गेला. अजूनही शेजारपाजारच्यांचे कपडे आत-बाहेर करून देतात. त्यांनी पुठ्ठा मापून कापला, त्यावर पत्र चिकटवलं आणि शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीवर चार टाचण्यांनी लावलं. "येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल," म्हणाले. मी नको म्हटलं नाही.

९ फेब्रुवारी

चीफ पायलटचा फोन. आम्ही एका बॅचचे. तो माझ्या लग्नात माझ्यापेक्षा चांगला सूट घालून आला होता, तो अण्णांनीच शिवलेला.

"तुझ्या को-पायलटने लिहून दिलंय," तो म्हणाला. "वेग घटतोय म्हणून दोनदा सांगितलं म्हणते."

"मी ऐकलं नाही."

"मग सांगितलं नसेल. वेगाचा आलेख विमानाच्या डेटात आहे, तो कुणी नाकारत नाही. पण बोलणं नाही. कॉकपिटमधल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग दोन तासच राहतं, पुढे त्याच्यावर नवीन चढतं. विमान तासाभरात दुसरा क्रू घेऊन निघालं. उतरल्यावर रेकॉर्डरचा ब्रेकर ओढून तो बंद ठेवायचा असतो, ते राहिलं ना तुझं?"

"गडबडीत विसरलो."

"होतं असं," तो म्हणाला. "तुझी चोवीस वर्षं आहेत, तिचे सात महिने. तू फक्त शांत राहा."

फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खरं लिहायचं तर शीळ घालत अण्णांच्या खोलीपर्यंत गेलो. भिंतीवरचं पत्र दिसलं आणि शीळ बंद झाली.

१० फेब्रुवारी

खाई त्याला खवखवे, असं आई म्हणायची. आज दुसरं काही नाही.

१३ फेब्रुवारी

चौकशी. लांब टेबल, पाण्याचा जग, खिडकीतून दिसणारं पार्किंग. चौकशी अधिकारी एक किरकोळ अंगाच्या बाई आहेत, चष्मा सारखा नाकावर घसरतो. आधी एकेकट्याला विचारलं, शेवटी दोघांना समोरासमोर बसवलं. चिमणी युनिफॉर्म कडक इस्त्री करून आली होती. मी साध्या शर्टात गेलो होतो, ते उगाच खटकलं.

बाईंनी तिचा जबाब वाचला. "'वेग एकशे पंचवीस झाल्यावर मी स्पीड असं म्हणाले. उत्तर आलं नाही. एकशे अठराला मी म्हणाले, सर, स्पीड. कॅप्टन म्हणाले, दिसतंय मला. तेव्हा ते बाहेर रनवेकडे बघत होते.'" मग चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही असं म्हणालात?"

"आठवत नाही."

"म्हणाला नाहीत, की आठवत नाही?"

"आठवत नाही."

चिमणीने मान वर केली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्या चेहऱ्याकडे नुसती बघत राहिली, जणू तिथे काहीतरी लिहिलंय आणि ते तिला वाचता येत नाही.

घरी येताना मनाशी म्हणत होतो, आठवत नाही म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी तशीच उभी. मागच्याने हॉर्न वाजवला.

१४ फेब्रुवारी

जेवताना बायकोला चौकशीचं सांगितलं. म्हटलं, ती मुलगी सांगते, मी 'दिसतंय मला' म्हणालो. बायको टेबल पुसत होती. तिचा हात थांबला.

"मग तू काय सांगितलंस?"

"आठवत नाही म्हटलं."

तिने एकाच जागी बराच वेळ फडकं फिरवलं, मग ताटं उचलून आत गेली. दमली असावी.

१७ फेब्रुवारी

सिम्युलेटर. तोच रनवे, तीच उंची, तेच बटण. या वेळी मी हिरवा शब्द दर वेळी मोठ्याने वाचला, ऑटोथ्रॉटल हाताने जागी केली, वेग एका आकड्यानेही हलू दिला नाही. एखाद्याने परीक्षेचा पेपर आधीच बघितलेला असावा, तसं.

इन्स्ट्रक्टर तरुण आहे, आदबशीर. म्हणाला, "सर, तुमच्या हातून हे झालं यावर विश्वास बसत नाही. ती पोरगी झोपली होती का?"

मी हसलो. मोठ्याने नाही. पण हसलो.

बाहेर चीफ भेटला. म्हणाला, तिचं प्रोबेशन वाढवणार नाहीत, या आठवड्यात पत्र जाईल. "वाईट वाटतं, पण कॉकपिटमध्ये बोलता येत नसेल तर काय करायचं?" मी म्हटलं, हं.

२० फेब्रुवारी

ऑफिसला कागद द्यायला गेलो होतो. लिफ्ट बंद, म्हणून जिना. दुसऱ्या मजल्यावर ती समोरून वर येत होती. हातात लिफाफा. त्यात परत करायला आणलेलं ओळखपत्र असणार. बाजूला सरून तिने मला वाट दिली, आणि मी दोन पायऱ्या उतरल्यावर म्हणाली, "सर, एक विचारू?"

मला वाटलं, आता बोलणार. मी तयार होतो. वरिष्ठाशी कसं बोलायचं याची दोन वाक्यं जिभेवर आलीसुद्धा.

"मी खरंच बोलले होते का हो?" ती म्हणाली.

मला कळलंच नाही ती काय विचारते आहे.

"आता माझी मलाच खात्री राहिली नाही. रोज आठवून बघते. दर वेळी माझा आवाज आधीपेक्षा बारीक येतो. तुम्हाला तर काहीच आठवत नाही. म्हणजे कदाचित मी मनातल्या मनात म्हणाले असेन. तसं असेल तर इतक्या माणसांचा जीव माझ्यामुळे..." तिने कठडा धरला होता. "तसं असेल तर माफ करा, सर. मोठ्याने बोलायला हवं होतं मी."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "काळजी घे." आणि उतरलो. तळमजल्यावर पोचायच्या आधी पायरीवरच बसलो. सफाईवाली बादली घेऊन आली, म्हणाली, "साहेब, फरशी ओली आहे." मी म्हटलं, दिसतंय मला. आणि मग मी तोंडावर हात धरून बसून राहिलो. ती बिचारी बादली तिथेच ठेवून पाणी आणायला पळाली.

२१ फेब्रुवारी

आता सगळं लिहितो, एकदाच.

मी म्हणालो होतो. 'दिसतंय मला.' शब्द न् शब्द आठवतो. तिचं पहिलं 'स्पीड'सुद्धा मी ऐकलं होतं. बारीक नव्हतं, नेहमीच्या आवाजात होतं. ऐकून मला राग आला. सात महिन्यांची मुलगी मला वेग सांगते. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा राग आणखी वाढला, म्हणून म्हणालो, दिसतंय मला, आणि मुद्दाम आकड्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिने सांगितल्यामुळे बघितलं असं झालं असतं. एवढंच कारण. एकशे चौसष्ट माणसं आणि एवढंच कारण.

आणि ब्रेकर मी विसरलो नव्हतो. प्रवासी उतरत होते, ती बाहेर इंजिनिअरशी बोलत होती. माझा हात ब्रेकरपर्यंत गेला होता. बोट त्या काळ्या बटणावर टेकलं होतं. मग मी हात खाली घेतला आणि टोपी घातली.

सकाळी बायकोला सांगितलं. ती कामावर निघाली होती, चप्पल पायात होती. तशीच स्टुलावर बसली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तू काय म्हणाला असशील ते. बावीस वर्षं ऐकतेय मी ते वाक्य."

"मग बोलली का नाहीस?"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला माझाच प्रश्न ऐकू आला. ती म्हणाली, "जा आता. आजच जा. उद्यावर टाकलंस तर तुला पुन्हा आठवेनासं होईल."

अकरा वाजता चौकशी अधिकारी बाईंसमोर बसून सगळं हाताने लिहून दिलं, ब्रेकरसकट. बाईंनी दोनदा वाचलं. शाबासकी दिली नाही, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "इथे तारीख राहिली." मी तारीख घातली. घटनेला एकोणीस दिवस झाले होते.

२२ फेब्रुवारी

अण्णांना सांगणं सगळ्यात जिवावर आलं. ते एका पँटची शिवण उसवत होते. मी समोर बसून सांगितलं. मशीनवर कोपर टेकून त्यांनी ऐकलं. मध्ये एकदाच विचारलं, "त्या मुलीला घर आहे ना? कुणी आहे ना?"

"आई आहे."

"आईला काय सांगितलं असेल तिने, नोकरी का गेली ते?"

मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

अण्णांनी भिंतीकडे बोट केलं. "ते काढ."

"तुम्ही लावलंय, अण्णा."

"मी लावलं ते न कळून लावलं. तू कळत असून राहू दिलंस. तूच काढ."

टाचण्या घट्ट बसल्या होत्या, नखं दुखली. पत्राचं काय करायचं विचारलं तर म्हणाले, "ज्या बाईने लिहिलंय तिला परत कर. आणि सोबत खरं काय ते लिही. शिक्षिका आहे, वाचेल." मग मान खाली घालून पुन्हा शिवण उसवू लागले. संध्याकाळी जेवायला टेबलावर आले नाहीत. भूक नाही म्हणाले.

२५ फेब्रुवारी

चीफ फोनवर फाडफाड बोलला. मी त्याला तोंडघशी पाडलं म्हणाला. तिला काढल्याच्या पत्रावर त्याची सही होती. "तू सुटत होतास, अरे. नुसतं गप्प बसायचं होतं." मी म्हटलं, गप्प बसलो होतो, एकोणीस दिवस. त्याने फोन आपटला. पंचवीस वर्षांची दोस्ती. वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

शिक्षिकाबाईंना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचवं पाठवलं.

२ एप्रिल

निकाल आला. कॅप्टनपद काढलं. सहा महिने उड्डाण नाही, पुन्हा प्रशिक्षण, मग निदान दोन वर्षं को-पायलट म्हणून उजव्या बाजूला. रेकॉर्डरच्या बाबतीत वेगळी कारवाई, ती अजून ठरायची आहे. बायको म्हणाली, कमीच आहे. मलाही तसंच वाटलं.

माझ्या को-पायलटला परत घेतलंय, तेही महिन्यापूर्वीच, प्रोबेशनही संपवलं. मला ते आज नोटीस बोर्डावरून कळलं. एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण लाज वाटते: महिनाभर मी वाट बघत होतो. तिचा फोन येईल, निदान एक मेसेज. 'सर, तुम्ही खरं सांगितलंत' एवढंच. दारावरची बेल वाजली की एकदोनदा मीच उठलो होतो.

शिक्षिकाबाईंचं उत्तर नाही.

१८ एप्रिल

नव्या पायलटांच्या वर्गापुढे मला माझी चूक सांगायची होती. निकालातच तसं आहे. बारा जण, कोरे चेहरे, नव्या कोऱ्या वह्या, पेनं. मागच्या रांगेत जुन्यांपैकी काही जण उजळणीसाठी आले होते. त्यांत ती होती. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

सगळं सांगितलं. बटण, हिरवा शब्द, आकडे, ती दोन वेळा काय म्हणाली, मी काय म्हणालो, ब्रेकर. नाव घेतलं नाही, 'माझी सहकारी' म्हणालो. एका मुलीने हात वर केला. "सर, त्यांनी आणखी मोठ्याने सांगितलं असतं तर?"

मी मागच्या रांगेकडे न बघता म्हणालो, "तर मी तिला आणखी मोठ्याने गप्प केलं असतं. तिच्या आवाजात काही कमी नव्हतं."

कुणी काही लिहून घेतलं नाही.

वर्ग सुटल्यावर ती कॉरिडॉरमध्ये थांबली होती. मी खिशात हात घातला. काल संध्याकाळी, ती कधीतरी भेटेलच म्हणून, माफीची तीन वाक्यं कागदावर लिहून ठेवली होती. ऐन वेळी सुचलं नाही तर असावीत म्हणून.

"सर, तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगते," ती म्हणाली. "तुम्ही परत उडायला लागाल तेव्हा तुमच्याबरोबर ड्यूटी नको, असं मी रोस्टरवाल्यांना लिहून दिलंय."

"अगं, पण मी सगळं खरं सांगितलं..."

"सांगितलंत. एकोणीस दिवसांनी." तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला. "परवा हवेत चेकलिस्ट वाचताना मी मध्येच थांबले. मी मघाची ओळ वाचली की नुसती मनात म्हटली, ते कळेना. कॅप्टनना विचारावं लागलं, मी बोलले का हो? ते चांगले आहेत, म्हणाले, बोललीस की. पण मला विचारावं लागलं, सर. आधी कधी लागलं नव्हतं."

दोघं जण बाजूने गेले, त्यांनी वळून पाहिलं. ती आवाज जराही न चढवता बोलत होती, आणि कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकापर्यंत शब्द न् शब्द ऐकू गेला असेल.

खिशातला कागद बोटांत होता. काढला असता तर तिला म्हणावं लागलं असतं, असू दे, सर. ती म्हणालीही असती, तशीच आहे ती. मी कागद सोडला.

"बरोबर आहे तुझं," म्हणालो.

तिने मान हलवली. तिची चारची फ्लाइट होती. ती गेली.

घरी येऊन कागद उघडला. तिन्ही वाक्यं 'मला' या शब्दाने सुरू होतात.